आनुवंशिक पाळीचा ताप

जंतूचा संसर्ग नसताना पुन्हा पुन्हा येणारा, जनुकातील दोषामुळे उद्भवणारा ताप. एकांतरा, तिजारी हे पाळीच्या तापाचे जुने शब्द हिवतापासाठी रूढ झाले. येथे ‘पाळी’ जरा सैल अर्थाने घ्यायची, कारण यांतले बरेच ताप तारीख पाळून येत नाहीत.

हे आजार ‘स्वयंदाहक’ गटातले. संधिवातासारख्या स्वयंप्रतिकारक रोगांत प्रतिपिंडे आणि लसिकापेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतात. स्वयंदाहक रोगांत बिघाड त्याहून आधीच्या, उपजत संरक्षणाच्या थरात असतो : जंतूची चाहूलही नसताना धोक्याची घंटा वाजते, बहुतेक वेळा इंटरल्यूकिन-१ हे दाहक प्रथिन मोकाट सुटते, आणि अंग तापते. अमेरिकेतील डॅनियल कास्टनर यांच्या गटाने १९९९ साली ‘स्वयंदाहक’ हे नाव रूढ केले. त्याआधी १९९७ साली, याच गटातल्या भूमध्यसागरी तापाला कारण ठरणारे एमईएफव्ही जनुक दोन संशोधकगटांना स्वतंत्रपणे सापडले होते.

कोकणात तापाचे कारण शोधणाऱ्या डॉक्टरपुढे संशयितांची रांगच असते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो, पावसाळ्यात आणि त्यानंतर हिवताप व डेंग्यू, आणि २०१६ पासून दोडामार्गच्या बाजूला माकडताप. साहजिकच दर महिन्याला तापणाऱ्या पोराला दर वेळी नवा जंतू लागला असे धरले जाते. अँटिबायोटिकचा कोर्स होतो, चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि श्रेय गोळ्यांना मिळते. घरी दृष्ट काढलेली असेल, देवाला गाऱ्हाणे घातलेले असेल, तर श्रेयाची वाटणी होते इतकेच. ताप मुळात आपल्या वेळेनेच उतरणार होता.

म्हणून या आजाराचा पहिला पुरावा प्रयोगशाळेत नव्हे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर मिळतो. दिनदर्शिकेच्या ज्या चौकोनात दुधाचा खाडा मांडतात, त्याच चौकोनात आईने ‘ताप १०३, तोंड आले, गळ्याला गाठ’ असे सहा महिने लिहिले, तर निम्मे निदान झालेच. तीन ते सहा आठवड्यांनी, जवळजवळ घड्याळ लावून येणारा, तोंड येणे, घसादुखी आणि मानेच्या गाठी घेऊन येणारा ताप म्हणजे बहुधा ‘पीफापा’. त्याचे वर्णन १९८७ साली झाले. तो या गटातला असला तरी एका जनुकाचा आजार नाही, सहसा पाच वर्षांच्या आत सुरू होतो आणि मूल मोठे होता होता बहुतेकदा आपोआप थांबतो. भूमध्यसागरी ताप एक ते तीन दिवसांचा असतो, पण पोटात असे दुखते की अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन जाते आणि दुखणे परत येते. ‘ट्रॅप्स’ या याच गटातल्या आणखी एका आनुवंशिक तापाचा झटका आठवडा-दोन आठवडेही रेंगाळतो. रक्तातील सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन तापात एकदा आणि मूल खेळते-खातेपिते असताना एकदा, असे दोनदा तपासावे लागते. एखाद्या आडवाडीतून एसटीने तालुक्याला पोहोचेपर्यंत ताप ओसरलेला असतो, तिथेच बरेच काही निसटते.

भूमध्यसागरी ताप तुर्क, आर्मेनियन, अरब आणि काही ज्यू समाजांत अधिक आढळतो. यावरून कुणाला अलिबाग-नवगावच्या बेने इस्रायलींची आठवण होईल. पण नाव आणि परंपरेवरून रोगाचा अंदाज बांधणे घाईचे ठरते. आपल्याकडे खरी गफलत वेगळीच होते. एमईएफव्हीमधला ई१४८क्यू हा बदल दक्षिण आशियातल्या निरोगी माणसांतही सर्रास सापडतो. अहवालातल्या तेवढ्या एका ओळीवर मुलाला आजन्म रोगी ठरवू नये. लक्षणे आणि अहवाल दोन्ही जुळले पाहिजेत. हा ताप अप्रभावी वारशाने येतो, म्हणजे सहसा आईवडील दोघांकडून दोष यावा लागतो. म्हणूनच मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या घरात नातेसंबंध विचारणे ही नुसती चौकशी नव्हे. ट्रॅप्सला मात्र एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो.

भूमध्यसागरी तापावरचे मुख्य औषध कोल्चिसिन. १९७२ साली त्याचा उपयोग प्रथम नोंदला गेला आणि १९७४ च्या नियंत्रित चाचण्यांत तो सिद्ध झाला. रोज घेतल्यास झटके कमी होतातच, शिवाय मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचे प्रथिन साचून मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका टळतो, आणि या रोगातला खरा जीवघेणा भाग तोच. हेच द्रव्य कळलावीच्या कंदात आणि बियांत असते. पावसात कोकणातल्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते तीच ही वेल. मात्र कंद उगाळून देण्याचा मोह जिवावर बेततो : औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे.

दुर्मिळ आजारात चाचणीला पुरेसे रुग्ण मिळवणे हीच मोठी अडचण. त्यावर तोडगा म्हणून कॅनाकिनुमॅब या इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या इंजेक्शनच्या चाचणीत तीन आजारांचे १८१ रुग्ण अनेक देशांतून एका छत्राखाली घेतले गेले. निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाले. कोल्चिसिनला दाद न देणाऱ्या भूमध्यसागरी तापाच्या रुग्णांपैकी ६१ टक्क्यांना १६ आठवड्यांत पूर्ण आराम पडला. तुलनेसाठी औषध नसलेले नुसते बनावट इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. औषध मात्र अतिशय महाग. भारताचे दुर्मिळ आजार धोरण २०२१ चे असून त्याखालच्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थाही त्याच आवारात आहे, त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या रुग्णाला एकाच फेरीत दोन्ही गाठता येतात. जाताना भिंतीवरची दिनदर्शिका सोबत न्यावी.