गाडीचा पासपोर्ट नव्हे, गाडीचा जामीन: कार्नेटची पार्श्वभूमी

स्वतःच्या मोटारीने मुंबईहून लंडनला जाऊन आलेल्यांची वर्णने गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीतही बरीच आली. त्यांपैकी बहुतेकांत ‘कार्नेट’ या कागदपत्राचा उल्लेख ‘गाडीचा पासपोर्ट’ असा येतो. ही उपमा सोयीची असली तरी चुकीची आहे आणि तिच्यामुळे या विषयाचा इतिहासच उलटा समजला जातो. पासपोर्ट माणसाची ओळख सांगतो. कार्नेट गाडीची ओळख सांगण्यासाठी निर्माण झालेलेच नाही. ते पैशाच्या हमीचे कागदपत्र आहे.

परदेशी सीमेवर उभी असलेली मोटार वाहतूक खात्याच्या दृष्टीने वाहन असते, परंतु कस्टमच्या दृष्टीने ती चार चाकांवर आलेला, शुल्क न भरलेला माल असते. तो माल त्या देशात विकला गेला तर सरकारचे शुल्क बुडते. म्हणून कस्टमचे म्हणणे सुरुवातीपासून एकच राहिले आहे: शुल्क भरा, नाहीतर गाडी परत जाईल याची कोणीतरी हमी द्या. शहराच्या हद्दीतून केवळ पुढे जाणाऱ्या मालासाठी एका जकात नाक्यावर अनामत भरायची आणि दुसऱ्या नाक्यावर ती परत घ्यायची, ही पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना कार्नेट वेगळे समजावून सांगावे लागू नये. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी गेली. देशोदेशींच्या सीमांवर तिची ही थोरली बहीण अजून नांदते आहे.

युरोपात मोटारी सीमा ओलांडू लागल्या तेव्हा प्रत्येक नाक्यावर अनामत भरणे आणि बाहेर पडताना ती परत मागणे हा मोठाच त्रास होता. तो टाळण्यासाठी तिथल्या मोटार संघटनांनी आपल्या सभासदांसाठी परस्परांत हमीची साखळी उभी केली. आधी एका देशापुरता तीन भागांचा कागद आला, पुढे अनेक देशांना चालणारी वही आली. ‘कार्नेट’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच छोटी वही असा आहे. पाच, दहा किंवा पंचवीस पानांच्या या वहीचे प्रत्येक पान आडव्या तीन पट्ट्यांत विभागलेले असते. देशात शिरताना खालची पट्टी कस्टमवाले फाडून घेतात, बाहेर पडताना मधली घेतात आणि वरची पट्टी दोन्ही शिक्क्यांसह वहीतच राहते. वरच्या पट्टीवर बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला, तर कागदोपत्री ती गाडी अजून त्याच देशात आहे, मग प्रत्यक्षात ती दादरच्या इमारतीखाली उभी का असेना.

या व्यवस्थेला आंतरराष्ट्रीय कायद्याचे रूप १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या करारान्वये मिळाले. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयीचा हा करार १९५७ च्या डिसेंबरात अमलात आला आणि भारतानेही तो स्वीकारला आहे. पान पूर्ण झाले नसेल, तर कार्नेटची मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत कस्टमने आपल्या देशातील हमीदार संघटनेला कळवले पाहिजे, आणि गाडी परत गेल्याचा पुरावा देण्यास त्या संघटनेला आणखी एक वर्ष मिळते. पुरावा न मिळाल्यास संघटना शुल्क भरते, ते कार्नेट देणाऱ्या देशातील संघटनेकडून वसूल करते, आणि ती गाडीमालकाने ठेवलेल्या बँक हमीला हात घालते. भीषण अपघातात निकामी झालेली गाडी कस्टमच्या हवाली करण्याची किंवा त्यांच्या देखरेखीखाली मोडीत काढण्याची मुभा करारात आहे. चोरीला गेलेल्या गाडीबाबत मात्र साधारणतः शुल्काची मागणी होते, म्हणजे गाडीही गेली आणि वर तिच्यावरचा करही भरायचा.

हमीची रक्कम प्रवासाच्या मार्गात ज्या देशाचे शुल्क सर्वाधिक असेल त्यावर ठरते. त्यामुळे एखादा इराणसारखा देश यादीत असला की सारा हिशेब बदलतो. पश्चिम युरोपाने आपापसांत ही वही केव्हाच मोडीत काढली. ती टिकली ती मुख्यतः मोटारींवर जबर शुल्क लावणाऱ्या देशांत, आणि त्यांत भारत ठळकपणे आहे. भारतीय पर्यटकाला कार्नेट महाग पडते अशी तक्रार आपण करतो, परंतु परदेशी गाडीला सहा महिन्यांसाठी आत घेताना आपण तीच वही मागतो, हे सहसा सांगितले जात नाही.

वाहनाची ओळख आणि चालकाचा परवाना हा धागा यापासून पूर्ण वेगळा आहे. त्याची सुरुवात १९०९ च्या पॅरिस करारापासून होते आणि भारताला आज लागू असलेले त्याचे रूप म्हणजे १९४९ चा जिनिव्हा करार. आरटीओतून मिळणारा एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना त्यावर आधारलेला आहे. या करारानुसार गाडीच्या मागे पांढऱ्या लंबवर्तुळावर काळ्या अक्षरांत देशाचे चिन्ह लागते. तीन अक्षरे असतील तर ते निदान २४० मिलिमीटर रुंद आणि १४५ मिलिमीटर उंच हवे. ब्रिटिश काळात भारताचे चिन्ह ‘बी-आय’ होते, १९४७ पासून ते ‘आय-एन-डी’ आहे. नव्या नंबरप्लेटच्या डाव्या कडेला हीच तीन अक्षरे निळ्या रंगात छापलेली असल्याने लंबवर्तुळाची गरज उरली नाही असे पुष्कळांना वाटते, पण करार ते चिन्ह वेगळे मागतो. नोंदणी क्रमांक रोमन लिपीत आणि आंतरराष्ट्रीय अंकांत असावा, अन्य लिपी वापरल्यास तो त्या रूपात पुन्हा लिहावा, हीही अट तिथलीच आहे. देवनागरी अंकांच्या पाट्यांचा हौशी वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो, त्यात ही बाजू मी कधी ऐकलेली नाही.

रस्ता खुला होता तेव्हा तो पश्चिमेकडे होता. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीकडे निघालेल्या मोटार शर्यतीतील ९८ गाड्या तेहरान, काबूल, दिल्ली या मार्गाने मुंबईकडे आल्या आणि ज्या पोहोचल्या त्या मुंबई बंदरातून जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. इराणमधील १९७९ ची क्रांती आणि त्याच वर्षअखेरीस अफगाणिस्तानात घुसलेल्या सोव्हिएत फौजा यांनी ही वाट जवळजवळ संपवली. त्यानंतर भारतीयांची दृष्टी पूर्वेकडे, मणिपूरमधील मोरेकडे वळली. मोरे आणि पलीकडचे तामू यांमधली ही १९३७ पर्यंत आंतरराष्ट्रीय सीमा नव्हतीच, कारण ब्रह्मदेश तोवर ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. आता तिथे पूल ओलांडताच गाडी रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे घ्यावी लागते. ब्रह्मदेशाने ही बाजू १९७० मध्ये बदलली.

नेपाळ आणि भूतान या दोन शेजाऱ्यांनी यांतले काहीच आपल्याकडून मागितले नाही. सोनौलीला किंवा रक्सौलला नेपाळी भन्सार (कस्टम) कार्यालयात दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरून पावती घ्यायची आणि पुढे जायचे, हीच तिथली रीत. या सुट्या रीतींना एका चौकटीत बसवण्यासाठी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे भूतान, बांगलादेश, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करार केला, ज्यात खासगी गाड्याही होत्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला. आपल्या वृत्तपत्रांनी याला अडथळा म्हटले. ज्या देशाची लोकसंख्या पुण्याच्या एखाद्या भागाइतकी आहे, त्याने आपल्या घाटरस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांचे लोंढे नकोत असे म्हणणे अडथळ्यापेक्षा वेगळे आहे, असे मला वाटते. एप्रिल २०१७ मध्ये भूतानने उरलेल्या तिघांना पुढे जाण्यास संमती दिली.

भारतात येणाऱ्या परदेशी खासगी वाहनांसाठी २०२२ मध्ये निघालेल्या नियमांत नोंदणीपत्र, परवाना, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र बाळगण्याची, ते इंग्रजीत नसल्यास प्रमाणित भाषांतर जोडण्याची सक्ती आहे, आणि अशा गाडीतून स्थानिक प्रवासी किंवा माल नेण्यास मनाई आहे. कस्टमच्या हमीचा प्रश्न या नियमांनी सोडवला नाही. तो १९५४ च्या वहीवरच राहिला.

दरम्यान वाटा आखडत गेल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये समारंभपूर्वक खुली झालेली मोरे–तामू सीमा मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे बंद झाली आणि वर्षभरात म्यानमारमध्ये लष्करी सत्तांतर झाले. अटारीचे नाके एप्रिल २०२५ मध्ये बंद करण्यात आले. नेपाळमधून तिबेटला जोडणारा रसुवागढीचा पूल ८ जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. कार्नेटची एक वर्षाची मुदत अशा वेळीही चालूच राहते, आणि मधल्या देशात अडकलेल्या गाडीसाठी मुदतवाढ मिळवायची तर त्या देशाच्या कस्टमपुढे अर्ज घेऊन उभे राहावे लागते.