सोप्या शब्दांत सांगा : इंग्रजी शब्दार्थांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना शब्दकोशातला अर्थ वाचायला दिला होता आणि तो शब्द वापरून वाक्य लिहायला सांगितलं होतं. 'इरोड' या शब्दापुढे 'ईट आउट', 'ईट अवे' असे अर्थ होते, म्हणजे पोखरणं, झिजवत नेणं. एका मुलाने लिहिलं, 'अवर फॅमिली इरोड्स अ लॉट.' घरची मंडळी जेवायला बाहेर जातात त्यालाही इंग्रजीत 'ईट आउट' म्हणतात, आणि मुलाने कोशावर पूर्ण भरवसा ठेवला होता. 'स्टिम्युलेट'चा अर्थ 'स्टर अप' वाचून दुसऱ्या एका वाक्यात बाईंनी सूप 'स्टिम्युलेट' केलं, कारण सूपही ढवळलंच जातं. ही वाक्यं जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डी यांनी १९८७ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या लेखात दिली. मुलांची मातृभाषा इंग्रजी होती. अर्थ त्यांनी नीट वाचला होता. तरीही शब्द हाती लागला नाही.

मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव परका नाही. शब्दार्थाच्या वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, आणि खाली 'वाक्यात उपयोग करा'. माझ्या वहीत 'अंकल' समोर 'काका' असं लिहिलेलं होतं. मग मामाला काय म्हणायचं? आत्याच्या नवऱ्याला? मावशीच्या? एका शब्दाला एक प्रतिशब्द दिला की हा प्रश्न उरतो. 'आईचा किंवा वडिलांचा भाऊ, मावशीचा किंवा आत्याचा नवरा' अशी व्याख्या केली की सुटतो. प्रतिशब्द आणि व्याख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्दसंग्रह वाढवायचा म्हणून आज कुणीही फोनवर इंग्रजी शब्दाचा इंग्रजीतच अर्थ बघतो. तो अर्थ शिकणाऱ्याला कळेल असा लिहिला गेला पाहिजे, हे ठरायला तीनशेहून अधिक वर्षं लागली. आणि त्यातलं कळीचं काम लंडनमध्ये किंवा ऑक्सफर्डमध्ये झालं नाही. ते ढाक्यात आणि टोकियोत झालं.

सुरुवात मात्र इंग्लंडमधलीच. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री नावाच्या शिक्षकाने 'अ टेबल अल्फाबेटिकल' हे छोटं पुस्तक काढलं. इंग्रजीचा इंग्रजीतूनच अर्थ देणारा हा पहिला छापील कोश मानतात. त्यात शब्द सुमारे अडीच हजार, आणि तेही फक्त अवघड: हिब्रू, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच यांतून आलेले, जे प्रवचनात किंवा ग्रंथात कानावर पडत पण कळत नसत. स्त्रिया आणि फारसं शिक्षण न मिळालेले लोक हे आपले वाचक आहेत, असं कॉड्रीने पहिल्या पानावरच सांगितलं. शब्द 'ए'ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला पाहा, 'व्ही'ने होत असेल तर शेवटाकडे, इतकंही त्याने समजावून दिलं. वर्णानुक्रमाने शब्द शोधायची सवयच तेव्हा लोकांना नव्हती. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. मला कॉड्रीबद्दल जिव्हाळा वाटतो. ज्याला शिकायला मिळालं नाही त्याच्यासाठी त्याने कोश लिहिला, आणि हा हेतू नंतर दीर्घकाळ बाजूला पडला.

कारण लगेच वारं फिरलं. १६२३ साली हेन्री कॉकेरमने आपल्या कोशात उलटा विभागही घातला. साधा शब्द शोधा आणि त्याच्या जागी वापरायला भारदस्त लॅटिनी शब्द मिळवा. शब्दसंपत्ती म्हणजे चारचौघांत उठून दिसायचं साधन, ही कल्पना तेव्हापासून आहे. रोजचे शब्द कोशात घ्यायला १७०२ उजाडलं. ते काम जॉन कर्सी याच्या नावावर लागलेल्या कोशाने केलं. पण रोजच्या शब्दाची व्याख्या करणं अवघड शब्दापेक्षा कठीण असतं. नेथन बेलीच्या १७२१ च्या कोशात कुत्र्याचा अर्थ 'सर्वांना ठाऊक असलेला चतुष्पाद' इतकाच आहे. ज्याला ठाऊक आहे त्याला त्याचा उपयोग नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला तर मुळीच नाही.

मग १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनचा कोश आला. आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत ज्यांचं चरित्र लिहिलं तेच हे डॉक्टर जॉन्सन. सुमारे बेचाळीस हजार शब्द, आणि ते कसे वापरले गेले हे दाखवणारी लाखाहून अधिक अवतरणं. इंग्रजी कोशात नामवंत लेखकांची वाक्यं इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच आली. शब्द माणसांच्या संगतीत दिसू लागला. व्याख्या मात्र अनेकदा मूळ शब्दापेक्षा जड. साध्या खोकल्याचा अर्थ त्यांनी असा दिला : 'अ कन्व्हल्शन ऑफ द लंग्ज, व्हेलिकेटेड बाय सम शार्प सिरॉसिटी.' 'कफ' हा एक शब्द शोधायला गेलेला माणूस आणखी तीन-चार शब्द शोधत बसणार. जॉन्सनना ही अडचण पुरती कळली होती. प्रस्तावनेत ते म्हणतात, की समजावून सांगायचं तर जो शब्द समजावायचा त्याहून सोपे शब्द हवेत, आणि असे शब्द नेहमी सापडत नाहीत. प्रश्न त्यांनी नेमका मांडला. उत्तर शोधणारी माणसं दीडशे वर्षांनंतर निघाली.

मधल्या काळातला सर्वांत मोठा उद्योग म्हणजे ऑक्सफर्डचा महाकोश. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. पण तो प्रत्येक शब्दाचा इतिहास सांगण्यासाठी होता. इंग्रजी शिकणारा परका विद्यार्थी त्याच्या संपादकांच्या डोळ्यांपुढे नव्हता.

आपल्याकडे तोवर वेगळीच वाट पडली होती. १८२९ साली जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकारी शास्त्र्यांनी मराठीचा मराठीत अर्थ देणारा कोश केला. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. तो मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी होता. म्हणजे तेव्हा परकी भाषा कोशातून शिकणारा विद्यार्थी गोरा साहेब होता, आणि त्याच्यासाठी मराठी शब्दांचे अर्थ छटांसह उलगडून लिहिले गेले. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि मेजर कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. मराठी माणूस इंग्रजीकडे वळला तो या कोशांतून, म्हणजे प्रतिशब्दांतून. शाळेतली आपली शब्दार्थाची वही याच परंपरेतली.

आता ढाका. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षक १९१२ साली शिक्षणखात्याच्या नोकरीत बंगालमध्ये आला आणि पुढे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकत होती आणि बरीचशी मधेच शाळा सोडत होती. वेस्टने १९२६ च्या आपल्या अहवालात यासाठी विम्याच्या धंद्यातला शब्द वापरला, 'सरेंडर व्हॅल्यू'. विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हातात काय पडतं, हे आपण विचारतो. तसंच, मुलाने सहावीत शाळा सोडली तर एवढ्या इंग्रजीतून त्याच्या पदरात काय पडलं? वेस्टला दिसलं की जवळजवळ काहीच नाही. त्याचं म्हणणं असं, की वाचता येणं आधी आलं पाहिजे, कारण ते अर्धवट आलं तरी उपयोगी पडतं.

म्हणून त्याने वाचनाची पुस्तकं तपासली. नवे शब्द गर्दीने येत होते आणि पुन्हा भेटत नव्हते. त्याने दुर्मीळ शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घातले, नवा शब्द थोड्या थोड्या अंतराने आणला आणि आलेला शब्द पुढे पुन्हा पुन्हा वापरला. ढाक्याच्या शाळांतून हे प्रयोग झाले. यातूनच पुढचा प्रश्न निघाला : मुलाला फक्त काही शब्द येतात, तर कोशही तेवढ्याच शब्दांत का लिहू नये? १९३५ साली वेस्ट आणि जेम्स एंडिकॉट यांचा 'न्यू मेथड' कोश निघाला. त्यात शब्द आणि वाक्प्रचार मिळून सुमारे २४,००० नोंदी होत्या, आणि त्या सगळ्यांचे अर्थ १,४९० शब्दांत लिहिलेले होते. व्याख्येत वापरायचे शब्द आधी ठरवायचे आणि त्यांच्याबाहेर जायचं नाही. जॉन्सनना जे सोपे शब्द सापडत नव्हते त्यांची यादीच वेस्टने करून ठेवली. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या आजच्या मोठ्या कोशांतून हीच रीत दिसते, आणि तिचं मूळ पूर्व बंगालच्या शाळेत आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या मुलांच्या गळतीची नोंद घेत हे सुचलं, त्यांचे ऋण कोशाच्या प्रस्तावनेत सहसा सापडत नाही.

त्याच सुमारास जपानमध्ये दुसरी बाजू घडत होती. हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषातज्ज्ञ १९२२ पासून टोकियोत होते आणि त्यांनी इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था उभी केली होती. ए. एस. हॉर्नबी १९२४ साली क्यूशू बेटावरच्या ओइता इथे शिकवायला आले आणि पुढे पामर यांच्या कामात सामील झाले. हॉर्नबींना जाणवलं की जपानी विद्यार्थ्याला अर्थ कळतो, पण शब्द वाक्यात बसवता येत नाही. आपलंही तेच होतं. 'सजेस्ट' म्हणजे सुचवणं हे पाठ असतं. मराठीत 'त्याने मला जायला सुचवलं' म्हणतात, म्हणून आपण 'ही सजेस्टेड मी टू गो' म्हणतो आणि चुकतो. 'इन्फर्मेशन' म्हणजे माहिती हे ठाऊक असतं, तरी 'इन्फर्मेशन्स' लिहिलं जातं. हॉर्नबींनी क्रियापदांचे पंचवीस साचे ठरवले आणि कोणतं क्रियापद कोणत्या साच्यात चालतं ते कोशात नोंदवलं. कोणतं नाम मोजता येतं, कोणतं येत नाही, हेही दाखवलं. 'वाक्यात उपयोग करा' या सूचनेला कोशाने प्रथमच मदतीचा हात दिला.

हा कोश हॉर्नबी, गेटनबी आणि वेकफील्ड या तिघांचा. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरलं, हॉर्नबींना नजरकैदेत राहावं लागलं आणि १९४२ साली ते मायदेशी परतले. त्याच वर्षी टोकियोच्या काइताकुशा प्रकाशनाने हा कोश छापला. शत्रूच्या भाषेचा, शत्रुराष्ट्राच्या नागरिकांनी लिहिलेला कोश भर युद्धात निघाला. ऑक्सफर्डने १९४८ साली तो पुन्हा काढला, आणि आज 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणून जो आपल्या दुकानांत मिळतो तो त्याचाच वंशज.

मातृभाषा इंग्रजी असलेल्यांसाठी दुसराच ओघ वाहत होता : 'रीडर्स डायजेस्ट'मधलं १९४५ पासूनचं शब्दांचं सदर, १९४९ सालचं नॉर्मन लुइसचं 'वर्ड पॉवर मेड इझी', जे आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमधून आजही दिसतं, आणि अमेरिकी प्रवेशपरीक्षांच्या पाठांतरयाद्या. त्यांतल्या जीआरई या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ साली गेले, याद्या मात्र टिकल्या. या ओघात कॉकेरमचा अंश बराच आहे.

वेस्टच्या वाटेवर १९७८ साली लॉंगमनचा कोश आला. त्यात व्याख्यांसाठी सुमारे दोन हजार शब्द ठरवलेले होते. पण यादीला एक पळवाट राहते. 'ईट' सोपा, 'आउट' सोपा. दोन्ही एकत्र आले की तिसराच अर्थ होतो. जेवायला बाहेर जाणाऱ्या त्या कुटुंबाचा घोटाळा नेमका इथला आहे. सुटे सुटे सोपे शब्द म्हणजे सोपी व्याख्या नव्हे.

त्या मुलांची वाक्यं देणारा लेख आला त्याच १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातून जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली 'कोबिल्ड' कोश निघाला. त्यांनी लाखो शब्दांचा खरा मजकूर संगणकावर गोळा केला आणि शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते पाहिलं. 'सेट इन' या क्रियापदाचा कर्ता बहुधा नकोसाच असतो, सड, संसर्ग, निराशा, हे सिंक्लेअर यांनी दाखवून दिलं. 'सुरू होणं' हा अर्थ चूक नाही, पण त्यावर विसंबून 'हॅपिनेस सेट इन' लिहिलं तर कानाला खटकतं. म्हणून या कोशात अर्थ पूर्ण वाक्यात सांगितला जातो, आई मुलाला सांगते तसा : अमक्याने असं केलं, की त्याला असं म्हणतात. व्याख्येतच कर्ता कोण, कर्म कोण हे कळतं.

१९९३ साली मार्गारेट मॅककीऊन या संशोधिकेने अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर दोन्ही तऱ्हा पडताळून पाहिल्या. कोशातली नेहमीची आटोपशीर व्याख्या, आणि तोच अर्थ बोलल्यासारखा, शब्द कधी वापरतात हे सांगत लिहिलेला. दुसऱ्या तऱ्हेच्या व्याख्या वाचलेल्या मुलांची वाक्यं जास्त बरोबर आली. 'इरोड'चा अर्थ असा सांगून पाहा : वारा किंवा पाणी वर्षानुवर्षं खडकाला घासत राहतं आणि खडक थोडा थोडा झिजत जातो, तेव्हा ते खडकाला 'इरोड' करतं. मग घरच्यांच्या जेवणाचं वाक्य मुलाच्या हातून उतरणं कठीण. लाटांनी झिजवलेल्या किनाऱ्याचं मात्र सहज उतरेल.