स्टान्स

उभे राहण्याची ढब आणि एखाद्या प्रश्नावर घेतलेली भूमिका असे दोन अर्थ असलेले इंग्रजी नाम. मराठीच्या बोलण्यात ते मुख्यतः क्रिकेटमुळे आले. सोलापूरच्या पार्क मैदानावर उजव्या हाताने खेळणारा नवखा मुलगा बॅट घेऊन उभा राहतो, तेव्हा पाय खांद्यांइतके फाकवून, गुडघे किंचित वाकवून, डावा खांदा गोलंदाजाकडे वळवून आणि भार दोन्ही पायांवर सारखा तोलून चेंडूची वाट पाहतो. हाच त्याचा स्टान्स.

शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘स्तारे’, म्हणजे उभे राहणे, या क्रियापदात आहे. संस्कृतातील ‘स्था’ हा धातू त्याचा भाऊबंद असल्यामुळे स्थान, स्थिती, संस्था हे आपले रोजचे शब्दही याच गोतावळ्यातले ठरतात. इटालियनमध्ये ‘स्तारे’पासून ‘स्तान्झा’ झाला; थांबण्याची जागा, खोली, कवितेचे कडवे हे त्याचे अर्थ. तोच फ्रेंचमार्गे १६व्या शतकात इंग्रजीत पोहोचला, तेव्हा स्टान्स म्हणजे उभे राहण्याची जागा, एवढेच अभिप्रेत होते. हा जुना अर्थ स्कॉटलंडमध्ये अजून टिकून आहे. तिथे बस लागते तो फलाट आणि जत्रेत दुकानासाठी मिळालेली जागा, दोन्ही स्टान्सच. सोलापूरच्या होम मैदानावर भरणाऱ्या गड्डा यात्रेत पाळणेवाल्याला आखून दिलेली जागाही त्या बोलीत स्टान्स ठरेल. खेळातील अर्थ १९व्या शतकाच्या अखेरीस गोल्फमधून आला, तर मताचा अर्थ २०व्या शतकाच्या मध्यास रुळला.

मराठीत ‘पवित्रा’ या शब्दाने हीच वाट चालली आहे. तालमीच्या लाल मातीत एक पाय पुढे टाकून, कमरेत वाकून, हात मोकळे ठेवून जोडीदारावर नजर रोखणारा पैलवान पवित्र्यात असतो, आणि वर्तमानपत्रातील आंदोलकही ‘आक्रमक पवित्रा’ घेतात. मात्र पवित्र्यात झुंजीची तयारी गृहीत आहे. विचारपूर्वक मांडलेल्या मतासाठी ‘भूमिका’ हाच शब्द योग्य, कारण त्यात पायाखालची भूमी आहे, समोर प्रतिस्पर्धी असलाच पाहिजे असे नाही.

सोलापुरात बोलल्या जाणाऱ्या इतर भाषांतही हे नाते आढळते. कन्नडमध्ये ‘निल्लु’ म्हणजे उभे राहणे आणि ‘निलुवु’ म्हणजे भूमिका. उर्दूतील ‘मौकिफ’ थांबणे, उभे राहणे या अर्थाच्या अरबी धातूपासून बनला आहे. शहराच्या पूर्व भागातील तेलुगूत मात्र भूमिकेला ‘वैखरी’ म्हणतात. मराठीत वैखरी म्हणजे मुखातून उमटणारी वाणी.