मूत्राशयाचा प्रारंभिक कर्करोग : फलानुमान

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात सुरू झालेला, पण स्नायूच्या थरापर्यंत न पोहोचलेला कर्करोग. निदान होते तेव्हा चारपैकी सुमारे तीन रुग्ण याच टप्प्यावर असतात. यात जीव वाचण्याची आशा चांगली असते; मात्र काढलेली गाठ अनेकदा पुन्हा उगवते. म्हणून फलानुमान, म्हणजे आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज, करताना दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात: गाठ परतेल का, आणि ती स्नायूत शिरेल का.

युरोपात २००६ साली २,५९६ रुग्णांच्या नोंदींवरून सहा घटकांना गुण देऊन धोका मोजण्याची पद्धती ठरली. गाठींची संख्या, आकार (३ सेंमी.च्या आत की त्याहून मोठी) आणि पूर्वी परतण्याचे प्रमाण यांवर पुनरुद्भव (गाठ परतणे) मुख्यतः अवलंबून असतो. गाठीची खोली, पेशींची प्रत (त्या निरोगी पेशींहून किती वेगळ्या दिसतात) आणि अस्तरात सपाट पसरलेला उच्च प्रतीचा, म्हणजे अधिक आक्रमक, कर्करोग हे घटक ती स्नायूत शिरण्याचा धोका सांगतात. पाच वर्षांत पुनरुद्भव ३१ ते ७८ टक्के, तर स्नायूत शिरण्याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी ते ४५ टक्के, इतका फरक रुग्णारुग्णांत आढळला. त्या रुग्णांपैकी फार थोड्यांना बीसीजी (क्षयाची लस; गाठ परतू नये म्हणून ती मूत्राशयात सोडतात) मिळाले होते, हे हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे.

मूत्रमार्गातून घातलेल्या दुर्बिणीने काढलेल्या तुकड्यात स्नायूच आला नसेल, तर खोलीचा अंदाज कच्चा राहतो. अशा वेळी बहुधा २ ते ६ आठवड्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करतात.

विदर्भाच्या खेड्यांत खरी अडचण त्याआधीच सुरू होते. लघवी लाल झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्या-जिऱ्याचे पाणी घेतले जाते, किंवा खडा असेल असे समजतात. न दुखता आलेले रक्त दोन दिवसांत थांबते आणि माणूस शेताला लागतो. खर्र्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) तोंडाचा कर्करोग होतो हे गावोगाव ठाऊक आहे. बिडीचा मूत्राशयाशी असलेला संबंध मात्र फारसा कोणी सांगत नाही. धुरातली विषद्रव्ये मूत्रपिंडातून गाळली जाऊन लघवीत साठून राहतात. निदानानंतरही बिडी सुरू राहिली, तर गाठ परतण्याचा धोका वाढतो.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी दुर्बिणीने होणारी तपासणी पुढच्या वाटचालीची मोठी खूण मानतात. ही तारीख भंडारा-गोंदियात धानाच्या रोवणीत, यवतमाळ-वर्ध्यात कापसाच्या वेचणीत सापडते आणि नागपूरची फेरी पुढे ढकलली जाते. लघवी स्वच्छ दिसत असते, पण परतलेली लहान गाठ रक्त दाखवेलच असे नाही.