पंखा फिरतोय, पण डिस्प्ले येत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरचा कॉम्प्युटर ऐन सौद्यांच्या दिवसांत बंद पडला. कॅबिनेट उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर आणि प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर टोकाशी फुगलेले. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, गेला होता. मी नवा बोर्ड बसवला. त्याबरोबर प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागली. हार्डडिस्क मात्र जुनीच ठेवली, कारण शेतकऱ्यांच्या पट्ट्या, अडत, हमाली, सगळा हिशेब तिच्यावर. बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच. पेढीवरचा मुलगा घाबरून म्हणाला, “दादा, फॉरमॅट मारायला लागंल काय?”

नाही. स्क्रीन काळी असताना कॉम्प्युटर हार्डडिस्कपर्यंत पोचलेलाच नसतो. मग तिच्यावरचा हिशेब पुसून काय साधणार?

कॉम्प्युटर सुरू होणं खो-खोसारखं आहे. पाठीवर थाप बसल्याशिवाय पुढचा गडी उठत नाही. बटण दाबल्यावर बोर्ड एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, इशारा देतो. एसएमपीएस आपले व्होल्टेज स्थिर करतो आणि साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘वीज ठीक आहे’ असा संदेश बोर्डाला परत पाठवतो. तोवर प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं. सुटका झाली की तो एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. तिथे बोर्डावरच्या छोट्या चिपमधला प्रोग्रॅम, म्हणजे बायोस किंवा त्याचा नवा अवतार यूईएफआय, त्याची वाट पाहत असतो. तो रॅम आणि ग्राफिक्स तपासतो आणि मगच डिस्ककडे वळतो. खो कुठे अडला हे कळलं की अर्धं काम झालं.

पंखे फिरले म्हणजे सगळीकडे वीज पोचली, असं मात्र नाही. २४ पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डाला वीज देतो. प्रोसेसरसाठी वरच्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिनांचा वेगळा कनेक्टर असतो. तो राहिला तर पंखे फिरतात आणि प्रोसेसर उपाशी राहतो. इथे तेच झालं होतं. वायर पंख्यामागे दबली होती. खटका बसेपर्यंत कनेक्टर दाबला आणि बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह झळकलं.

ही वायर जोडलेली असूनही डिस्प्ले येत नसेल, तर एकच रॅम ठेवून पाहावं. डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅम असेल तर थोडा धीरही धरावा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी वेळेचं गणित जुळवतो आणि त्यात काही मिनिटंही जातात. अनेकजण नेमकं तेव्हाच बटण बंद करतात.

आमच्याकडे पुढची अडचण लगेच आली: बूट डिव्हाइस सापडत नाही. यूईएफआयच्या यादीत तर हार्डडिस्क नावासकट दिसत होती! कारण साधं होतं. जुना बोर्ड डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचून विंडोज उठवायचा. यूईएफआय त्या तुकड्याकडे बघत नाही. त्याला डिस्कवरच्या एका खास भागात ठेवलेली फाइल लागते. डिस्क धडधाकट होती, फक्त दोघांची भाषा जुळत नव्हती. सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीची सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय, बंद करून सीएसएम हा जुन्या पद्धतीचा पर्याय चालू केला आणि विंडोज उठलं. काही नव्या बोर्डांवर हा पर्यायच नसतो. तिथे विंडोज १०सोबत येणाऱ्या साधनाने डिस्कची मांडणी डेटा न पुसता बदलता येते. तरी आधी बॅकअप घ्यावाच.

विंडोजचा लोगो येऊन निळी स्क्रीन पडली तर साटाची, म्हणजे बोर्ड आणि हार्डडिस्क यांच्या जोडणीची सेटिंग बघावी. जुन्या बोर्डावर तिथे एएचसीआय ही पद्धत निवडलेली होती की रेड (RAID)? तेच ठेवावं. आणि डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाचं कुलूप, असेल तर बोर्ड काढण्याआधीच ४८ आकड्यांची रिकव्हरी की लिहून ठेवावी. कुलूप उघडणारी चिप सहसा जुन्या बोर्डाबरोबर किंवा प्रोसेसरबरोबर जाते, आणि ती की नसेल तर मीही काही करू शकत नाही.

हिशेबाचा प्रोग्रॅम उघडला, सगळ्या नोंदी जागेवर होत्या. मुलगा लगेच पट्टी छापायला निघाला, तेवढ्यात कोपऱ्यातल्या तारखेवर माझी नजर गेली. दोन वर्षांपूर्वीची होती. घड्याळ बोर्डावरच्या ३ व्होल्टच्या सेलवर चालतं आणि या नव्या बोर्डाला आजची तारीख अजून कुणी सांगितलीच नव्हती. ती बदलली, मग पट्टी निघाली.