आजीच्या रेडिओची घरघर

गिरगावातल्या चाळीत, पोटमाळ्यावर, आजीचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओ तीसेक वर्षं पडून होता. खाली उतरवताच घरातले म्हणाले, "पिन लावून बघ ना!" मी लावली नाही. इतक्या वर्षांनी थेट २३० व्होल्ट दिले, तर आत शॉर्ट झालेला एखादा भाग ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. आधी ६० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, जोडला. शॉर्ट असेल तर बल्ब लखलखतो, सेट वाचतो.

बल्ब मंद झाला, व्हॉल्व्ह तापले आणि स्पीकरमधून नुसतं "घूंऽऽ" आलं. घरच्या विजेचे दोन्ही अर्धे फेरे वापरले, की ५० हर्ट्झच्या विजेतून सेकंदाला १०० ठोके मिळतात. मधल्या फटी भरण्याचं काम फिल्टर कंडेन्सरचं, म्हणजे वीज साठवून सोडणाऱ्या भागाचं. त्याच्या आत अॅल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्यावर ऑक्साइडचा थर, एका व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर. हा थर टिकतो तो शेजारच्या कागदात मुरलेल्या द्रवामुळे. द्रव सुकला की साठवण घटते आणि ठोके सरळ स्पीकरमध्ये उतरतात.

पण हे दुखणं निदान ऐकू येतं. मला खरी धास्ती असते मेण लावलेल्या कागदी कंडेन्सरची. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. मेणाला बारीक चिरा पडतात, कागद ओल धरतो आणि जे एका दिशेची वीज अडवायचं तेच ती झिरपवू लागतं. स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे त्यातला प्रवाह आवरणाऱ्या जाळीला, जोडलेल्या कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक मी सोडवलं, मीटर लावला. तिथे शून्य हवं होतं, काटा १४ व्होल्टवर. एवढ्यानं व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहतो, तो प्रवाह झेलणारी आतली प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तो पुन्हा मिळणं फार कठीण.

लॅमिंग्टन रोडवरून ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर आणले, फिल्टरसाठी ४५० व्होल्टचे. जुन्यावर १६ मायक्रोफॅरड लिहिलेलं असेल तर आजचा २२ चालतो, पण पहिल्या फिल्टरला फार मोठा लावू नये, वीज एका दिशेची करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो. धन-ऋण टोकं दोनदा तपासायची. आणि सेट बंद केला तरी कंडेन्सरमध्ये २५० व्होल्ट राहू शकतात. आधी रेझिस्टर लावून ते उतरवायचे, मगच हात घालायचा. जुन्या मेणाच्या नळ्या मी फेकल्या नाहीत. गरम करून पोकळ केल्या, नवे भाग आत बसवले, तोंडं पुन्हा मेणानं बंद केली. आजीच्या सेटचं रूप तसंच राहायला हवं होतं.

अभ्रकाच्या कंडेन्सरना हात लावला नाही, ते मोजून चांगले निघाले. स्टेशन लावायची गँग हाही कंडेन्सरच, पण तिच्या पत्र्यांमध्ये हवा असते. हवा सुकत नाही, कुजतही नाही. मऊ ब्रशनं धूळ झाडली, बेअरिंगला तेलाचा थेंब दिला. घरघर गेली होती. बटण हळूहळू फिरवलं, तेव्हा मुंबई केंद्राचा आवाज स्वच्छ लागला.