तीस सेकंदांची सूट? कुठल्याच कलमात नाही

सोलापुरात गणपती जवळ आले की डीजेवाली पोरं ठासून सांगतात, ‘तीस सेकंदांपर्यंत कुणाचंही गाणं उचललं तरी चालतंय.’ चालत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांचं मापच नाही. ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीशिवाय वाजवी वापराची मुभा देणारा नियम, अमेरिकेचा. आपल्याकडे कलम ५२ मधलं ‘फेअर डीलिंग’, तेही खासगी वापर, समीक्षा, बातमी अशा ठरावीक कामांपुरतं. यूट्यूबवर टाकलेलं रिमिक्स त्यात सहसा बसत नाही. (लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला त्याच कलमात सूट आहे, पण वाजवणं वेगळं, कापून-जोडून अपलोड करणं वेगळं.) परवानग्याही दोन: ध्वनिमुद्रणाची एक, शब्द-चालीची दुसरी. खाली ‘क्रेडिट टू ओनर’ लिहून त्या मिळत नाहीत. गाणं जुनं आहे म्हणाल, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं टिकतो. गीतकार-संगीतकाराचा, त्यांच्या मृत्यूनंतरही ६०.